पंडित म्हाइंभट : लीळेमागे उभे राहिलेले चरित्रकार

मराठी गद्याच्या आद्य ग्रंथाचा मान ज्या लीळाचरित्राला लाभला, त्याचे संकलक पंडित म्हाइंभट हे मूळचे सराळे गावचे. शास्त्राध्ययन आणि वादविद्या हे त्यांच्या पूर्वायुष्याचे वैभव होते. प्रतिपक्ष खोडून काढावा, आपला पक्ष स्थापावा आणि सभेत जय मिळवावा, या संस्कारात त्यांची बुद्धी घडली होती. अशा पंडिताच्या हातून पुढे जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यात पांडित्याचे प्रदर्शन कोठेही नसावे, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे परिवर्तन होय. त्या परिवर्तनाचा विचार केल्यावाचून लीळाचरित्राची निवेदनपद्धती नीट उमगत नाही.

गोदातीरी डोमेग्राम येथे म्हाइंभटांना सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे दर्शन घडले. वादाच्या ईर्ष्येने आलेल्या या पंडिताची शास्त्रयुक्ती स्वामींपुढे निरुत्तर झाली. हा प्रसंग लीळाचरित्रात आहे, आणि तो लिहिणारे स्वतः म्हाइंभटच आहेत. तेथे मी आलो, मी हरलो असे निवेदन नाही. इतर भक्तजनांच्या भेटी जशा सांगितल्या, तशीच म्हाइंभट नावाच्या एका पंडिताची भेट तृतीय पुरुषात सांगितली आहे. आपल्या पराभवाचे समर्थन नाही आणि पश्चात्तापाचा विस्तारही नाही. ज्याने स्वतःच्या अभिमानाचा भंग एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा लिहिला, त्याच्या लेखणीवर इतरांनी विश्वास का ठेवला, याचे उत्तर या एका लीळेत सापडते.

शके ११९४ ते ११९६ (इ. स. १२७२ ते १२७४) या काळात स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्या वर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी त्यानंतरच्या अवस्थेविषयी नाहीत. वियोगाने व्याकुळ झालेला भक्तपरिवार श्रीनागदेवाचार्यांसह ऋद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या संनिधानी आला. तेथे भटोबास स्वामींच्या लीळांचे अखंड स्मरण करीत बसलेले म्हाइंभटांनी पाहिले. ते कशाचे मनन करतात हे कळल्यावर म्हाइंभटांच्या मनात एक भय उभे राहिले. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले, त्यांच्याबरोबरच हे सारे स्मरण लोपेल आणि पुढे येणाऱ्या साधकांस आधार कोणता, असे ते भय होते. त्यांनी लीळा लिहून ठेवण्याचा विचार भटोबासांपुढे मांडला व भटोबासांनी तो मान्य केला. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास ऋद्धपूरच्या वाजेश्वरीच्या स्थानी हे कार्य आकारास आले.

आता म्हाइंभटांपुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट त्यांच्या परिचयाची होती. देवभाषेत स्तुतिपर चरित्र रचावे, प्रसंग अलंकारांनी सजवावेत, प्रत्येक लीळेचे तात्पर्य आपल्या शास्त्रज्ञानाने उकलून दाखवावे, ही ती वाट. तसा ग्रंथ झाला असता तर त्यात स्वामींपेक्षा म्हाइंभट अधिक दिसले असते. दुसरी वाट कष्टाची होती. ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकावे, त्याच्याच दृष्टीने लिहावे, आणि भटोबासांकडून पारखून घ्यावे. म्हाइंभटांनी दुसरी वाट धरली. जेथे जेथे लीळेचा साक्षी होता, तेथे जाऊन त्यांनी ती मिळविली. भटोबासांना जे प्रत्यक्ष ठाऊक होते ते भटोबासांकडून घेतले, आणि जे इतरांस ठाऊक होते ते इतरांकडून घेतले. अशा सुमारे दीड सहस्र लीळा त्यांनी जमविल्या.

या निवडीने ग्रंथाचे रूपच ठरले. लीळेच्या आरंभी बहुधा स्थान आणि प्रसंग येतो. गाव कोणते, देऊळ कोणते, वेळ कोणती, जवळ कोण होते, हे आधी कळते. नंतर कोणी काही विचारतो, स्वामी उत्तर देतात, आणि लीळा संपते. म्हाइंभट स्वतः मध्ये येऊन अर्थ सांगत नाहीत. महदाइसेने जिज्ञासेने केलेला प्रश्न महदाइसेचाच राहतो. सामान्य भक्ताची भाबडी शंकाही पंडिताच्या भाषेत शुद्ध करून मांडलेली नाही. भोजन, वस्त्र, वाट, पाऊस यांसारखे लहानसहान तपशील टिकले, ते साक्षीच्या स्मरणात ते तसे होते म्हणून.

ग्रंथाचे तीन भागही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. एकांकात स्वामींच्या एकाकी संचाराचा काळ आहे. त्या वेळी सोबत भक्तजन नव्हते. मग त्या लीळा कळल्या कशा? स्वामींनी पुढे प्रसंगाप्रसंगाने आपल्या भक्तांना जे सांगितले, त्यावरून. म्हणजे तेथे पाहणारे आणि प्रथम सांगणारे स्वामीच आहेत. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांत मात्र भक्तपरिवाराचे अनेक डोळे आहेत, म्हणून तेथे संवाद दाट होतात आणि तपशील भरून येतात. म्हाइंभटांनी एकांकाची उणीव कल्पनेने भरून काढली नाही. जेवढी साक्ष, तेवढीच कथा, ही मर्यादा त्यांनी पाळली.

शके १२०९-१० (इ. स. १२८७-८८) च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ऋद्धपूरचरित्र सिद्ध केले. त्यात सुमारे सव्वातीनशे लीळा आहेत. तेथे तर निवेदकाची कसोटीच होती. प्रभूंची क्रीडा लौकिक दृष्टीला विपरीत भासणारी. एखाद्या पंडिताला तिचे समर्थन करण्याचा मोह सहज झाला असता. म्हाइंभटांनी ऋद्धपूरच्या बायाबापड्यांनी, दुकानदारांनी, सेवकांनी जे पाहिले ते तसेच ठेवले. लोकांचा विस्मय, त्यांची कुरकूर, त्यांचे प्रेम, सारे जागच्या जागी आहे. ईश्वरावताराच्या क्रीडेला मानवी समर्थनाची गरज नाही, ही श्रद्धा तेथे शब्दांत न सांगता मांडणीतून प्रकट झाली आहे.

या पद्धतीचे मोल केवळ वाङ्मयीन नाही. भटोबासांच्या मार्गदर्शनाखाली केसोबासांनी लीळाचरित्रातून श्रीमुखीची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठही रचला. सूत्र हे स्वभावतः अल्पाक्षर. ते कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल निघाले, हे न कळता त्याचा अर्थ लावू गेल्यास आचारात भ्रम उत्पन्न होतो. एकास धीर देण्यासाठी बोललेले वचन दुसऱ्यास सवलत वाटू शकते, आणि एकाच्या दोषावर ठेवलेले बोट सर्वांसाठी नियम ठरू शकते. म्हणूनच परंपरेत प्रकरणवशाची योजना झाली. परंतु म्हाइंभटांनी लीळेत स्थान, प्रसंग आणि श्रोता राखला नसता, तर प्रकरण शोधायचे कोठे? कोण बोलले याइतकेच कोणाशी बोलले हे जपणारा निवेदक लाभला, म्हणून भाष्यकारांना आधार उरला.

साक्षींच्या स्मरणातही भेद असतो, हे खरे. दृष्टांतपाठातील जात्यंधांनी हत्तीचा एकेक अवयव चाचपला, तसे प्रत्येक भक्ताच्या हाती लीळेचा एक अंश आला असेल. म्हाइंभटांनी स्वतःला एकमेव डोळस मानून ते सारे अंश आपल्या मताच्या साच्यात ओतले नाहीत. पुढे देवगिरीवरील परचक्राच्या काळात मूळ पोथी हरपली, आणि हिराइसेसारख्यांच्या धारणेतून पाठ पुन्हा उभे राहिले. त्या वेळीही पाठशोधकांनी हीच मर्यादा राखली. ज्याची जी वासना ती त्याच्या नावाने नोंदवली, शोध लागला तो शोध म्हणून दिला, आणि भेद झाकण्याऐवजी वाचकापुढे ठेवला. मूळ संकलकाने स्वतःला मागे ठेवले होते, म्हणूनच उत्तरकालीनांनाही स्वतःला पुढे करण्याचे धैर्य झाले नाही.

लीळाचरित्राचे पारायण करणाऱ्या साधकाला आणि वासनिकाला म्हाइंभटांचे हे चरित्र एक सावधानता शिकवते. लीळा वाचताना प्रथम पाहावे ते स्थान, मग श्रोता, मग प्रश्न, आणि त्यानंतरच वचन. घाईने तात्पर्य काढणारा वाचक, म्हाइंभटांनी जी पंडिताई टाकून दिली, तीच पुन्हा उचलतो. सभा जिंकणारे सराळ्याचे पंडित आज कोणास आठवत नाहीत. वाजेश्वरीच्या स्थानी इतरांची साक्ष लिहून घेणारे म्हाइंभट मात्र सात शतके उलटून गेल्यावरही प्रत्येक लीळेमागे उभे आहेत.