वास्तववाद्याचा युद्धविरोध

परराष्ट्रनीतीत ‘वास्तववादी’ म्हटला की तो युद्धखोर, निदान नीतिविचाराची चाड नसलेला, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. ज्यांच्या ग्रंथामुळे ही विचारसरणी विद्यापीठांतून रुजली, त्या हान्स मॉर्गेन्थाऊ यांचे चरित्र मात्र या समजाला छेद देणारे आहे.

१९०४ मध्ये जर्मनीतील कोबुर्ग येथे एका ज्यू डॉक्टरच्या घरी ते जन्मले. ज्यूद्वेषाचे चटके शाळेतच बसले. फ्रँकफुर्टमध्ये वकिली करून ते जिनेव्हात अध्यापनासाठी गेले. राष्ट्रसंघाचे मुख्यालय त्याच शहरी होते, आणि १९३१ मध्ये मांचुरियात शिरलेल्या जपानला हा संघ हटवू शकला नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच मायदेशीचे दार बंद झाले. पुढे माद्रिदला अध्यापकी मिळाली, तो तेथे १९३६ मध्ये यादवी पेटली. १९३७ मध्ये हा निर्वासित अमेरिकेत पोहोचला. पाठीशी बळ नसलेल्या कायद्याची किंमत काय, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

१९४३ पासून ते शिकागो विद्यापीठात होते. १९४८ साली ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ हिताचा विचार संपत्तीच्या परिभाषेत करतो, तसा राजकारणाच्या अभ्यासकाने तो सत्तेच्या परिभाषेत करावा, हे त्यातील सूत्र. आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ही तुलना सुखावते. परंतु साधने मर्यादित म्हणून उद्दिष्टेही मर्यादित हवीत, आणि स्वराष्ट्राच्या आकांक्षा म्हणजेच विश्वाचा नीतिनियम असे कोणी मानू नये, हा त्याच विचाराचा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेला नेमका त्याचाच विसर पडला. युरोपात रशियाला रोखणारे धोरण जसेच्या तसे आशियात राबविता येणार नाही. व्हिएतनामी साम्यवादाच्या मुळाशी राष्ट्रवाद आहे आणि चीनविषयीचा जुना संशयही. बाँबफेकीने असा शत्रू नमत नाही, असे मॉर्गेन्थाऊ सांगत राहिले. ते संरक्षण खात्याचे सल्लागार होते. १९६५ मध्ये ते पद गेले. त्याच वर्षी जूनमध्ये अध्यक्षांचे सुरक्षाविषयक सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांच्याशी दूरचित्रवाणीवर त्यांचा वाद झाला. बंडींनी त्यांची जुनी, चुकलेली भाकिते वाचून दाखविली. वादापुरते ते सरस ठरले असतील. युद्धाचा हिशेब मात्र त्याने बदलला नाही.

१९७५ मध्ये सायगाव पडले. अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांवर सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी तोवर प्राणांस मुकले होते. मॉर्गेन्थाऊ १९८० मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले. अण्वस्त्रांच्या युगात राष्ट्रराज्य ही व्यवस्थाच कालबाह्य झाली आहे, असे उत्तरायुष्यात राष्ट्रहिताच्या या भाष्यकाराचे मत बनले होते.