डॉ. रखमाबाई आणि दोन कायद्यांची कात्री

आपल्या सुतार ज्ञातीत जन्मलेल्या डॉ. रखमाबाईंचे नाव निघोजे, चाकण व आसपासच्या आमच्या सभासद कुटुंबांना अपरिचित नाही. परंतु ते बहुधा डॉक्टर म्हणूनच ठाऊक असते. त्यांच्यावर चाललेल्या दाव्याची हकीकत फारच थोड्या घरांत सांगितली जाते. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तिलाच अधिक जागा देत आहोत.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच निवर्तले व मातोश्री जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. इतरत्र ज्यासाठी १८५६ चा कायदा व्हावा लागला, ते आपल्या ज्ञातीत रूढीनेच चालत होते, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या माहेरीच राहून शिकल्या. पुढे त्यांनी नांदावयास जाण्याचे साफ नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टाची पायरी चढली.

दादाजींनी मागितलेला उपाय मूळचा विलायतेतील चर्चच्या न्यायालयांचा. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात तो येथील दिवाणी कोर्टांस मोकळा करून दिला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी मात्र सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. समजत्या वयाच्या, स्वसंमतीने विवाह केलेल्या माणसांसाठी घडलेला विलायती नियम अजाणपणी लग्न लागलेल्या मुलीवर लादता येत नाही, व हिंदू धर्मशास्त्रात तर असा दावाच आढळत नाही, असे त्यांचे मत पडले. १८८६ मध्ये अपिलात हा निकाल फिरला. विधी झाले म्हणजे विवाह पूर्ण, संमतीचा प्रश्न नाही, हे तत्त्व हिंदू कायद्यातून घेतले गेले; बायकोस खेचून नेण्याचे साधन मात्र इंग्रजी कायद्यातून आले. दोन्हींतील जाचक तेवढे एकत्र झाले, असे आम्हांस वाटते.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगात राहा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. खुद्द इंग्लंडात अशा हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद १८८४ मध्येच रद्द झाली होती! इकडे ‘केसरी’ने धर्माच्या नावाने दादाजींची बाजू घेतली, शास्त्रात नसलेल्या उपायासाठी धर्माची दुहाई द्यावी, हे नवलच म्हणावयाचे. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी माघार घेतली.

त्यानंतर रखमाबाई लंडनला गेल्या व डॉक्टर होऊन परतल्या. सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी आयुष्य वेचले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याच्या नवव्या कलमात तोच उपाय, आता पती व पत्नी दोघांसही, ठेवलेला आहे. इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने काढून टाकला. आपल्याकडे आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले, पण पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. कैदेची तरतूद १९२३ मध्येच गेली. हुकूम मोडणाराच्या मालमत्तेवर जप्ती मात्र येऊ शकते.