रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण आपल्या शेजारच्याच खटाव तालुक्यातील. त्यांचे नाव आपल्या रहिमतपुरातील घरोघरी आदराने घेतले जाते. परंतु त्यांचे निष्ठावंत अनुयायी व आपल्याच माळी समाजाचे सुपुत्र नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण तितकेसे होत नाही. म्हणून त्यांचे अल्प चरित्र आम्ही समाजबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. गरिबीमुळे त्यांचे शिक्षण फार झाले नाही. रेल्वेच्या टपाल खात्यात काही काळ नोकरी करून पुढे ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत कोठारावर कामास राहिले. तेथेच त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, सुट्टीचा ठराविक दिवस नाही आणि केलेल्या कामाचा पगार वेळेवर हाती नाही. पगार लांबला की वाण्याची उधारी वाढे व सावकाराचे व्याज चढे.

१८८० साली 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईस आणून चालविले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनकडे धाडला. मागण्या साध्याच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यांच्या गिरणी कामगार संघास वर्गणी नव्हती, लिखित नियमही नव्हते. सारा भार एकाच माणसावर होता. म्हणून त्यांच्या पश्चात संघ टिकला नाही. संघटना उभारताना आपण हा धडा ध्यानी ठेवावा. १८९३ च्या दंग्यात त्यांनी शांततेसाठी झटून काम केले. पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले.

त्यांची पगाराच्या तारखेची मागणी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पुरी झाली. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला आणि २०१९ साली संसदेने हे दोन्ही कायदे बोनस व समान वेतनाच्या कायद्यांसह एका वेतन संहितेत गोवले.

आज आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मजुरी घेणारी नसून देणारी आहेत. मळ्यात खुरपणीस येणारी बाई, दुकानातील पोऱ्या, ट्रॅक्टरवरील गडी, हेही कुणाच्या तरी घरची चूल पेटविणारे आहेत. ठरलेला दर किमान वेतनाहून कमी नसावा, बाईस व पुरुषास सारख्या कामाचे सारखे दाम मिळावे आणि पैसे मागावयास दुसरा हेलपाटा पडू नये, एवढे आपण पाळावे. लोखंडे यांच्या प्रतिमेस हार घालण्यापूर्वी आपल्या मजुरांचा हिशेब चुकता असावा, अशी आमची नम्र विनंती आहे.