होमी भाभा आणि न्यूट्रॉनचं बियाणं
आमच्या अकोल्याकडे जुने शेतकरी ज्वारी विकण्याआधी पेरणीपुरतं बियाणं बाजूला काढत. मला होमी भाभांची थोरियम योजना तशीच वाटते.

भाभांचा जन्म १९०९ चा, मुंबईतला, शिक्षण केंब्रिजला. १९५६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्बेत ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पण देशात युरेनियम कमी, थोरियम भरपूर. आणि थोरियम थेट इंधन म्हणून चालत नाही. त्याचं केंद्रक आधी न्यूट्रॉन गिळतं, मग काही आठवड्यांत त्याचं युरेनियम-२३३ होतं. ते फुटलं की सरासरी अडीच न्यूट्रॉन सुटतात: एक साखळी चालू ठेवायला, दुसरा पुन्हा थोरियममध्ये पेरायला. वाया घालवायला उरतो जेमतेम अर्धा.

१९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. युरेनियम-२३३ वर चालणारी छोटी ‘कामिनी’ अणुभट्टी कल्पक्कमला सुरू झाली, ती १९९६ मध्ये.