फाळक्यांचे पहिले दुकान

वर्धा-बल्लारशा रेल्वेमार्गावरच्या माजरीत माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. कोळशाच्या धुळीपासून भिंगे जपता जपता केस पिकले. परवा भाचा आला आणि खाणीतल्या नोकरीची खटपट सोडून कॅमेरा घेतो म्हणाला. बहीण माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मला दादासाहेब फाळके आठवले.

दादासाहेब म्हटले की आपल्याला सिनेमा आठवतो. पण त्याआधी हा माणूस पोटासाठी फोटो काढत होता. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यात पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत! गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकांचे पडदे रंगवले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला. भागीदारांशी बिनसले आणि तोही सुटला.

म्हणजे सारे वाया गेले का? मुळीच नाही. १९१२ मध्ये लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर बघता बघता अंकुराचा वेल झाला! दुकान बुडाले होते, पण हातातली विद्या बुडाली नव्हती.

मात्र या धाडसाची किंमत घराने मोजली. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला, त्यात त्या माउलीचाही वाटा होता. पैसा मात्र टिकला नाही. १९४४ साली नाशिकला दादासाहेब गेले, तेव्हा ते विस्मृतीत ढकलले गेले होते.

भाच्याला मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. वर्षभर माझ्या दुकानात बस, उजेड ओळखायला शीक, हिशेबाची वही लिही, असे सांगितले. कॅमेरा हप्त्यावर घ्यायचा की नाही, ते त्यानंतर आईला विचारून ठरव. हप्ता चुकला तर तो तिलाच भरावा लागणार आहे.

सोमवारी सकाळी तो माझ्याआधी दुकानापाशी उभा होता.