कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचा कारखाना

आपल्या निमगाव सावा परिसरात ज्याच्या विहिरीवर पाणी उपसण्याचा पंप नाही असा बागायतदार आज विरळाच. त्या पंपांपैकी कित्येकांवर किर्लोस्कर हे नाव आढळते. लहान मूल अक्षरे जुळवू लागले म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचे जे शब्द ते प्रथम वाचते, त्यांत हाही एक असतो. परंतु हे नाव ज्यांचे, त्या गृहस्थांनी आरंभी पंप नव्हे तर नांगर केला होता, आणि तो नांगर दोन वर्षे कोणी विकत घेईना, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक आहे. विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ती उपयोगी वाटेल या समजुतीने आम्ही येथे ती थोडक्यात देत आहो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे मन मात्र पाठांतरात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, एक चित्रे काढण्याचा व दुसरा यंत्रे न्याहाळण्याचा. चित्रकलेवर पोट भरेल हे वडिलांस पटण्यासारखे नव्हते. परंतु वडीलबंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाचा कल ओळखून त्यास आधार दिला, आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे गेल्यावर असे आढळून आले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नाही. ज्याने चित्रकार होण्याचा निश्चय केला आहे, त्यास याहून मोठी निराशा कोणती? तथापि लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढण्यास रंगांची गरज नसते. त्यांनी ती विद्या हस्तगत केली, आणि तिच्याच बळावर त्यांस मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांस शिकविले, त्याहून अधिक स्वतः शिकून घेतले. त्याच सुमारास सायकल ही वस्तू आपल्याकडे नव्यानेच येऊ लागली होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या व रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, असा दोघा भावांचा व्यवहार सुरू झाला. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ पासून धरतात, तो यामुळेच. पुढे नोकरीत योग्यता असूनही बढती आपणांस न मिळता दुसऱ्यास मिळाली, असे पाहून लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगावास आले व भावासह पूर्णपणे धंद्यात पडले.

केवळ परक्याचा माल विकून त्यांचे समाधान होईना. आपल्या देशात बहुसंख्य लोक शेतकरी, तेव्हा शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल तेच यंत्र करावे, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले व त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो, परंतु मातीचा थर उलथून टाकीत नाही. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ पालथे घालतो, आणि हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांच्या मुळ्या वर आणून उन्हात वाळवितो. इतका गुण असूनही गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज पसरलेला होता.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. शेतकऱ्याच्या अशा समजुतीस अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, त्याने न पाहिलेल्या अवजारावर आपली जमीन पणास लावावी अशी अपेक्षा कोणी करावी? कारखानदाराचा एक नांगर वाया गेला तर तो दुसरा ओततो. शेतकऱ्याचे एक पीक गेले तर घरात दाणा राहत नाही. लक्ष्मणरावांचे मोठेपण आम्हांस यातच दिसते की, त्यांनी गिऱ्हाइकास दोष दिला नाही. माल पडून राहिला तरी ते नांगराचे काम लोकांच्या नजरेस आणीत राहिले, व नांगरात सुधारणा करीत गेले. सुमारे दोन वर्षांनी विक्रीस आरंभ झाला, आणि एकाचे शेत पाहून दुसरा मागू लागला.

धंदा रांगेस लागतो न लागतो तोच नवे संकट आले. बेळगावची त्यांची जागा शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेस हवी होती. तेथून कारखाना हलविणे भाग पडले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा व कर्जाऊ रक्कम दिली. १९१० मध्ये लक्ष्मणराव तेथे आले तेव्हा ती भूमी म्हणजे निवडुंगाचे रान व सापांचे वसतिस्थान होते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी व थोडे कामगार यांच्या साहाय्याने त्या माळावर कारखाना उभा राहिला, व भोवती किर्लोस्करवाडी हे गाव वसले. घरे, शाळा, पाण्याची सोय यांची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. पुढे स्टेशनासही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या गावात लक्ष्मणरावांनी अस्पृश्यतेस थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी कामावर घेतले, इतकेच नव्हे तर गावाच्या राखणीचे काम त्यांच्यावर सोपविले. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकीत नाही, त्याच्यावर विश्वास टाकून पाहणे हेही एक धाडसच होय, आणि ते नांगर ओतण्याहून सोपे नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या व त्या वितळवून नांगर झाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल एकामागून एक निघू लागला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परत आले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा असे दोन कारखाने निघाले. ज्या शेतात पूर्वी बैलांनी मोट ओढावी, तेथे इंजिनाचा आवाज घुमू लागला.

१९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. जन्मभराचे श्रम डोळ्यांदेखत जळाले, तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात या उद्योगाचे काय झाले, असे विद्यार्थी विचारतील. आज तो एका छत्राखाली राहिलेला नसून त्याच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या आहेत. नांगर हा त्यांचा मुख्य माल राहिलेला नाही. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी शेतीच्या लहान पंपांपासून शहरांचा पाणीपुरवठा, कालवे व वीजकेंद्रे यांस लागणाऱ्या प्रचंड पंपांपर्यंत सर्व प्रकार करते. २००३ मध्ये तिने इंग्लंडमधील एक जुनी पंपकंपनी विकत घेतली. ज्या देशाचा माल पाहून आपण शिकलो, त्या देशात आपला कारखाना असावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१८ मध्ये थायलंडात पाणी भरलेल्या गुहेत मुले अडकली, तेव्हा पाणी उपसण्याच्या कामी याच कंपनीच्या जाणत्या माणसांचा सल्ला घेण्यात आला. आता सूर्यप्रकाशावर चालणारे पंप निघाले आहेत, आणि मोठ्या पंपाची कंपने व उष्णता दुरून संगणकावर पाहून बिघाड होण्यापूर्वीच तो ओळखण्याची सोयही झाली आहे.

माल बदलला, परंतु त्यामागील विचार तोच आहे. शेतकऱ्यास नांगर हवा तेव्हा नांगर केला, पाणी हवे तेव्हा पंप. जो कारखाना आपल्या जुन्या मालालाच कवटाळून बसला असता, तो नांगराबरोबरच संपला असता. मात्र पालकांपुढे एक गोष्ट मांडल्यावाचून आमच्याने राहवत नाही. पंप पाणी वर आणतो, पाणी निर्माण करीत नाही. मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. पंपाला ती नसल्यामुळे विहिरी खोल गेल्या व त्यांच्या पाठोपाठ कूपनलिका आल्या. यंत्र किती वेळ चालवावे हे यंत्र सांगत नाही. तो विवेक चालविणाऱ्यापाशीच असावा लागतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणास एखादा विषय जमत नसेल, कोणाची इच्छा वाटेतच खुंटली असेल. लक्ष्मणरावांस रंग दिसत नव्हते. परंतु जे दिसत होते, त्याचा त्यांनी पुरता उपयोग केला. उद्या शेतावर गेलात म्हणजे पंपाजवळ घटकाभर थांबा, त्याच्या आत काय फिरते व पाणी वर कसे चढते हे घरच्या जाणत्यांस विचारा. कागदावर त्याची आकृती काढून पाहा. ती प्रथम वाकडीतिकडी येईल. पुन्हा काढा.