भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे

आपल्या पेडणे-डिचोली भागातील पुष्कळ कुटुंबे दत्तदर्शनासाठी नृसिंहवाडीला जातात. तेथून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड लागते. पूर्वी हे पटवर्धनांचे लहानसे संस्थान होते. भारतातील पहिली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे या संस्थानात घोड्यांचे शिक्षक होते.

विष्णुपंतांचा जन्म १८४० साली, औदुंबर क्षेत्राजवळच्या अंकलखोप गावी झाला. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते, गाणे आणि घोडा. या वेडापायी ते थेट ग्वाल्हेरला गेले. तेथे नामवंत गवई हद्दू खाँ यांच्याकडे ते गाणे शिकले आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या. त्यांचे नाव झाले ते घोड्यांमुळे. गाण्याची ओढ मात्र कधी सुटली नाही.

पुढे चिआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली. हिंदी लोकांना असे खेळ जमण्यास अजून बराच काळ जावा लागेल, असे त्याने हिणवले आणि ते विष्णुपंतांना झोंबले, अशी कथा सांगतात. कथेत थोडे तिखटमीठ असेलही. पण १८८० साली विष्णुपंतांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली, हे खरे.

घोडे शिकविणाऱ्या माणसाला सर्कस कशी जमली, असे तुम्ही विचाराल. आधुनिक सर्कशीचा जन्मच मुळी घोड्यांच्या खेळातून झाला. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात कसरती दाखविण्यास सुरुवात केली. घोडा एकाच वेगाने गोल धावत असला आणि स्वार आतल्या बाजूला झुकला, की त्याला पाठीवर उभे राहून तोल सांभाळणे सोपे जाते. म्हणूनच सर्कशीचे रिंगण साधारण ४२ फूट व्यासाचे गोल असते. विज्ञानाच्या तासाला वर्तुळाकार गती शिकाल तेव्हा हे आठवून पाहा.

विष्णुपंतांच्या पत्नीही झोक्यावरच्या कसरती करीत आणि जनावरे शिकवीत. त्या काळी हे केवढे धाडस! वाघ-सिंहांचे खेळ मात्र आता बंद झाले आहेत. सरकारने १९९८ साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. पिंजऱ्यातल्या जनावरांचे हाल पाहता हे योग्यच झाले, असे आम्हांस वाटते.

सर्कस देशभर फिरली, सिलोनलाही गेली. केरळात तेल्लिचेरी येथे विष्णुपंतांची भेट कसरतपटू कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी झाली. सर्कशीसाठी मुले तयार करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि १९०१ साली तेथे सर्कशीचे विद्यालय निघाले. पुढे भारतीय सर्कशीतले कितीतरी कलावंत त्याच गावचे!

आम्हांला सर्वांत भावते ती हकीकत मात्र रिंगणातली नाही. गुरू हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ अलौकिक गवई होते, पण मनाचा तोल ढळल्याने ते भटकत राहिले. ते बनारसला हालअपेष्टांत असल्याचे कळताच विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले. खाँसाहेबांना स्वतःचे भान नसे. खाणेपिणे, कपडालत्ता सारे दुसऱ्याने पाहायचे. सर्कशीच्या मुक्कामागून मुक्काम ते सोबत असत. तंबूत कसरती चालत आणि गावोगावच्या रसिकांना खाँसाहेबांचे गाणेही ऐकावयास मिळे. तरुण अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर या गाण्याची मोठी छाप पडली. आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर लहानपणी याच अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकल्या.

१९०५ साली विष्णुपंत वारले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कशीबरोबर खाँसाहेबांनाही सांभाळले. ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेल्या रहिमत खाँ यांचा शेवट १९२२ साली कुरुंदवाडलाच झाला. त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात.